सातदिव्यांच्या घरचा सर्व्हर

केडगावातल्या आमच्या कॉलनीत काटकसर हे खातं अब्राहाम सातदिवेकडे आहे. ते त्याला कुणी दिलेलं नाही, त्यानं आपणहून घेतलंय. वीज मंडळात मीटर तपासण्यात त्याची हयात गेली. त्यामुळे घरात नवीन वस्तू आली की ती दिसते कशी, कामाची आहे का, असले प्रश्न त्याला पडत नाहीत. ती वीज किती खाते, एवढाच पडतो. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा इंदूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला पेढे खायला बोलावलं. हा खिशात मीटर घालून आला. फ्रिजला मीटर लावून बघितलं, मान हलवली आणि मला म्हणाला, "शामकांत, माठाला काय झालं होतं रे?" पेढे मात्र दोन खाल्ले.

मी जिल्हा परिषदेत कारकून होतो. समोर आलेली गोष्ट पुढे ढकलण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही अशी माझी समजूत होती. अब्राहामनं घरात सर्व्हर बसवायचं ठरवलं आणि माझा गर्व पार उतरला.

सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, हे मलाही त्याच्यामुळेच कळलं. घरात एक कम्प्युटर कायम चालू ठेवायचा. घरातले फोटो, गाणी, कागदपत्रं सगळं त्याच्या पोटात. घरातलं माणूस कुठेही असो, आपल्या मोबाईलवर ते उघडून बघू शकतं, ऐकू शकतं. झालं. आता एवढ्या गोष्टीला शहाणा माणूस आठवडाभर घेईल. अब्राहामनं दोन वर्षं घेतली.

पण त्याला सर्व्हर कशाला हवा होता, ते आधी सांगायला हवं. तिथे मला त्याची थट्टा करवत नाही.

मरियावहिनी, म्हणजे अब्राहामची बायको, गायच्या. त्या पाथर्डीकडच्या. वडील ख्रिस्ती कीर्तनकार, खांद्याला पेटी अडकवून गावोगाव जायचे, आणि ही पोरगी मागे उभी राहून साथ करायची. लग्न होऊन इथे आल्यावर त्यांनी चर्चमधलं गाणं हातात घेतलं. मी काही त्यांच्या धर्माचा नाही. पण नाताळला, हंगामाच्या सणाला मी दरवर्षी जातो, आणि खरं सांगायचं तर वहिनींच्या गाण्यासाठी जायचो. पुढच्या बाकावरून त्यांनी पहिली ओळ उचलली की मागच्या बाकावरची म्हातारी माणसं खोकायची थांबायची. मग थायरॉईडची गाठ झाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे अगदीच गेला नाही, घोगरा, फाटका, मध्येच विझणारा असा काहीतरी उरला. त्या दिवसापासून वहिनी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. गाणं सुरू झालं की ओठसुद्धा हलवत नाहीत.

अब्राहाम बोलणारा माणूसच नाही, मोजणारा आहे. त्यानं वहिनींची गाणी गोळा करायला सुरुवात केली. कुणाच्या लग्नात कुणी मोबाईलवर घेतलेलं, कुणाच्या दफनविधीत कुणी घेतलेलं, बुरशी धरलेल्या जुन्या कॅसेटी, मेमरी कार्डं. संगमनेरला एका नातेवाइकाकडे एक कॅसेट आहे असं कळलं तर एसटीनं जाऊन घेऊन आला. ती वाजवून कम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि उतरवून होताच टेपनं ती गिळली. एवढं थोडक्यात निभावलं. गोळा झाली तेव्हा गाणी शंभराच्या वर भरली.

पुण्यात नर्स असलेली त्यांची मुलगी ग्रेस फोनवर म्हणाली, "पप्पा, सरळ गुगलवर टाका ना. मला इथं ऐकता येतील."

"आपलं सामान दुसऱ्याच्या घरात ठेवायचं आणि वर दरमहा भाडं भरायचं?" अब्राहाम म्हणाला. "मी घरातच सोय करतो. स्वस्तात."

त्या 'स्वस्तात'नं घात केला.

केडगावात पुणे रोडला नॅथनचं दुकान आहे. कम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, आधारची कामं, सगळं एकत्र. चर्चच्याच मंडळीतला, चाळिशीच्या अलीकडचा, हसरा, तोंडाचा सैल. अब्राहाम रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायला लागला. आधी कंपनीचा तयार डबा बघितला, ज्यात डिस्का सरकवल्या की झालं. किंमत ऐकून तो पाणी प्यायला. मग सायकलच्या घंटीएवढ्या किमतीत मिळतो असं कुणीतरी सांगितलेला रास्पबेरी पाय आणला. पत्त्यांच्या जोडाएवढं ते एक सर्किट. वीज अगदी चिमणीएवढी खातं म्हणून अब्राहाम खूश. पण त्याला डबी वेगळी, चार्जर वेगळा, डिस्क वेगळी. सगळी बेरीज केल्यावर तो परत पाणी प्यायला. शिवाय कायम लिहीत राहिलं की मेमरी कार्ड झिजतं, असं त्यानं कुठेतरी वाचलं आणि आठवडाभर झोपेतही तेच बरळत होता, असं वहिनी सांगत होत्या.

मग आला एक जुना लॅपटॉप. स्क्रीन फुटलेला, पण सर्व्हरला स्क्रीन कशाला? त्याची स्वतःची बॅटरी असते, म्हणजे लाईट गेली तरी चालू राहणार, यूपीएसचा खर्च वाचला. हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की मलाही पटलं. उन्हाळ्यात ती बॅटरी फुगली आणि लॅपटॉपचं झाकण पुरीसारखं वर आलं. मग बंद पडलेल्या सायबर कॅफेतून एक मोठा कम्प्युटर आला. तो जवळजवळ वजनावर मिळाला होता, आणि वीजही वजनाच्या हिशेबानंच खात होता. अब्राहामनं त्याला मीटर लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चादर टाकली, मयतावर टाकतात तशी.

हे एकीकडे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम दुसरीकडे. यंत्र आणलं की त्याला चालवणारी यंत्रणा लागते. नॅथनचं म्हणणं साधं. "काका, विंडोज टाका. सगळ्यांना येतं, अडलं तर मी आहे."

"लायसनचे पैसे तू देतोस?"

"मग लिनक्स टाका. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर अब्राहामचे डोळे चमकले. पण लिनक्स ही एक वस्तू नाही, ते अख्खं खानदान आहे, हे त्याला नंतर कळलं. उबुंटू टाकलं. चांगलं चाललं, म्हणून संशय आला. यापेक्षा हलकं असेल तर? मग डेबियन टाकलं. मग खास सर्व्हरसाठीच बनवलेल्या आणखी दोन यंत्रणा टाकून बघितल्या. प्रत्येक वेळी जुनं पुसायचं, नवं टाकायचं, मीटर लावायचं. नवीन पेनड्राईव्ह कशाला घ्यायचा, म्हणून तो घरातली मेमरी कार्डं पुसून त्यावरूनच ही यंत्रणा चढवायचा. ज्या कार्डांवर गाणी आली होती तीच ही कार्डं. "गाणी कम्प्युटरवर उतरवून घेतली आहेत ना," असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

सातदिव्यांची बाहेरची खोली भरून गेली. कपाटावर यंत्र, शिवणाच्या मशीनवर यंत्र, पवित्र शास्त्राशेजारी वायरींचं भेंडोळं. वहिनी काही बोलायला लागल्या की अब्राहाम मान वर न करता म्हणायचा, "घसा जप, मरिया. बोलू नकोस." आणि कानाला हेडफोन लावून त्यांचीच गाणी तपासत बसायचा, कुठे खरखर आहे का म्हणून. मी हे कितीदा तरी बघितलं. मला वाटायचं, केवढं प्रेम आहे या माणसाचं. वहिनी चहाचे कप उचलून आत जायच्या.

शेवटी एकदाचा तो सापडला. मोठ्या ऑफिसांतून मुदत संपली म्हणून बाहेर पडलेले छोटे कम्प्युटर पुण्यात जुन्या बाजारात मिळतात. शाळेच्या डब्याएवढा, काळा, गप्प. अब्राहामनं साडेसहा हजारांत घासाघीस करून आणला, मीटर लावला, आणि मला घरातून ओढत नेलं. "बघ. झिरोच्या बल्बपेक्षा कमी खातो." इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर ग्रेस नर्सिंगला लागली तेव्हाही बघितला नव्हता. डेबियन टाकलं, सगळी गाणी त्यात भरली, आणि आधी ज्या जुन्या कम्प्युटरवर ती होती तो पुसून विकून टाकला. ग्रेसनं पुण्यातून ऐकली आणि फोनवर रडली. अब्राहामनं त्या डब्याचं गुणगान नॅथनच्या दुकानात महिनाभर गायलं. काय तो प्रोसेसर, काय ती रॅम, अजून दहा वर्षं बघायला नको.

"पण काका, याची अजून एक कॉपी बाहेर ठेवा," नॅथन म्हणाला. "डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही."

"ठेवणार आहे. डिस्क बघतोय. घाई करून महाग पडतं."

आणि लाईटचा खर्च आणखी वाचावा म्हणून त्यानं गच्चीवर छोटं सोलर पॅनल बसवलं. त्यावर दारातल्या शेवग्याची सावली पडत होती, म्हणून शेवगा तोडला.

आता हंगामाचा सण. चर्चमध्ये नोव्हेंबरात हा सण होतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं आणून वेदीपुढे ठेवायचं. बाजरीचं पोतं, भोपळे, कोंबड्या, अंडी, कुणी केळीचा घड. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. त्या लिलावाची रीत मला फार आवडते, कारण तिथे अक्कल कुणी वापरत नाही. लिंबाला पाचशे रुपये जातात. लोक आपणच आणलेली कोंबडी दुप्पट बोली लावून परत घेतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. बोली चढवत नेणं हाच तिथला भक्तिभाव. माझ्यासारखा एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारा माणूसही तिथे दोडक्याला शंभर रुपये बोलून येतो.

मरियावहिनी दरवर्षी शेवग्याच्या शेंगांची मोळी द्यायच्या. यंदा शेवगा नव्हता. त्यांच्या वडिलांची शिकवण अशी की अर्पण विकत आणायचं नाही, घरात पिकलं तेच द्यायचं, आणि त्यातलं टाकाऊ नाही, सगळ्यांत चांगलं द्यायचं. अब्राहाम सकाळीच चर्चमध्ये माईक आणि वायरिंग बघायला गेला होता. वहिनींनी घरभर नजर फिरवली. त्यांच्या घरात दोन वर्षं जे उदंड पिकत होतं ते समोरच पडलं होतं. फुगलेला लॅपटॉप कसा द्यायचा, तो सदोष. चादरीखालचा धुळीनं माखलेला. एकच काय तो स्वच्छ, धड आणि चालू. त्यांनी त्याची पिन काढली, ओल्या फडक्यानं पुसला, भरतकामाच्या रुमालात गुंडाळला आणि भोपळे अन् बाजरीच्या मध्ये नेऊन ठेवला.

हे मला कळलं ते मांडवात. मी दोडक्याकडे डोळा ठेवून बसलो होतो. लिलाव पुकारायला श्रीमंत नावाचा गडी उभा होता. तो शेतकरी माणूस, आवाज पहाडी. त्यानं रुमाल बाजूला केला आणि डबा वर धरला.

"बोला मंडळी! सातदिव्यांच्या घरचं पीक हाय! ह्ये यंत्र लई गुणी, जास्त वीज खात न्हाई, असं समदं केडगाव सांगतंय. कोन बोलतंय?"

मांडव हसला. माझ्या शेजारी बसलेला अब्राहाम हसला नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मागे वळून त्यानं बायकांच्या बाजूला बसलेल्या वहिनींकडे बघितलं आणि हातानंच विचारलं, हे काय? वहिनींनी हातानंच सांगितलं, दिलं. मग त्यांना त्याचा चेहरा दिसला.

"गाणी," अब्राहाम मला म्हणाला. "सगळी त्याच्यात आहेत. दुसरीकडे कुठंच नाहीत."

"मग उठून सांग ना!"

"वेदीवर ठेवलेलं परत मागतात का? आणि तिनं चुकून दिलं असं चारचौघांत सांगू? तिचा अपमान करू?"

एवढं मात्र त्याचं मला पटलं. तर मग उरला एकच मार्ग, बोली. अब्राहामनं हात वर केला. "एक हजार."

"दोन," नॅथन म्हणाला.

नॅथनचा यात काय दोष? त्याला वाटलं काकांनी दुसरा घेतला आणि हा देवाला दिला. या डब्याचे गुण त्याला तोंडपाठ होते, महिनाभर कानावर आदळले होते ना. अब्राहाम तीन बोलला. आपल्याच अर्पणावर माणूस बोली लावतोय म्हटल्यावर लोकांना जोर चढला. टाळ्या सुरू झाल्या. नॅथन चार. अब्राहाम साडेचार. नॅथन हसत हसत म्हणाला, "काका, सोडत नाही तुम्हाला! घरी नेतो, पहिलं सगळं पुसून विंडोज टाकतो!" आणि सहा बोलला.

अब्राहाम साडेसहा बोलला. नॅथन सात.

आणि अब्राहाम थांबला.

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. त्याचे ओठ हलत होते. तो हिशेब करत होता. जुना माल, त्यात सहा महिने वापरलेला, डिस्कचा घसारा धरला तर... मी त्याला कोपरानं ढोसलं. "बोल की रे!"

"सातला असाच दुसरा मिळतो, शामकांत," तो म्हणाला. रडवेला झाला होता, पण हात वर जात नव्हता. मला इतका संताप आला की मीच आठ बोलणार होतो. माणूस उभं आयुष्य जे करतो त्याचंच त्याच्या हाताला वळण पडतं, हे मी कारकून असल्यामुळे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग कमी होत नव्हता.

"सात एक वार!" श्रीमंत ओरडला. "सात दोन वार!"

"धा."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. घोगरा, फाटलेला, मध्येच तुटलेला. मांडवातल्या निम्म्या लोकांनी तो आवाज ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकला. मरियावहिनी उभ्या होत्या.

"धा हजार," त्या परत म्हणाल्या, कारण पहिला शब्द पुरता बाहेर पडला नव्हता. "माज्या भिशीचे हायेत."

कुणी टाळी वाजवली नाही. नॅथननं मान खाली घातली. श्रीमंतसारखा श्रीमंत, तोही तीन वार म्हणताना हळू बोलला, आणि डबा त्यानं स्वतः चालत जाऊन वहिनींच्या हातात दिला.

आम्ही तिघं रिक्षानं घरी आलो. डबा वहिनींच्या मांडीवर होता. घरी पोहोचल्याबरोबर अब्राहामनं डबा त्यांच्या हातातून घेतला, पिन लावली, मोबाईलवर बघितलं. गाणी होती. सगळी होती. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "आता डिस्क घेतोच. पण दहा हजार, मरिया! सातवर नॅथन थांबलाच असता, त्याची कुवत मला माहीत आहे."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

"घसा जप," अब्राहाम सवयीनं म्हणाला. "बोलू नकोस."

"बोलनार," वहिनी म्हणाल्या. "चार वर्सं झाली. तोंड उघडलं की घसा जप. त्या डब्यातलीला तासन्‌तास ऐकता. तिला ऱ्हायाला घर बगता, तिला वीज किती लागंल त्ये मोजता. ती गानारी गेली हो. ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. तिला मी कधीच माती दिली. मी हाय ना हितं. मला असाच आवाज हाय. ह्यो ऐकायला तुमाला येक यंत्र न्हाई लागत."

बोलताना त्यांचा आवाज तीन-चारदा पूर्ण गेला आणि त्या तो परत यायची वाट बघत थांबल्या. अब्राहाम खुर्चीत बसला. मला तिथून निघून जायचं होतं, पण चप्पल घालायला दाराशी जावं लागलं असतं आणि दारात त्या होत्या.

"पुसू का मी सगळं?" त्यानं विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे कुणाला तरी विचारलं, आणि योग्य माणसाला विचारलं.

"पुसायचं कशाला? ग्रेसला हवीत, ऱ्हाऊ द्या तिला." त्या आत आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. "तुमी फकस्त हेडफोन काडा. मला सांगायचंय लई. भाऊजी, तुमी बी बसा, पळू नका."

मी बसलो. अब्राहामनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. वहिनींनी कुठून सुरुवात करावी म्हणून क्षणभर विचार केला आणि ऑपरेशनला जाताना स्ट्रेचरवर त्यांना कशाची भीती वाटली होती, तिथून सुरुवात केली. ते ऐकताना मी बघितलं, अब्राहामचा हात हळूच मोबाईलकडे जात होता. त्याचा अंगठा रेकॉर्डिंगच्या बटणावर होता.

वहिनी बोलायच्या थांबल्या. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्यानं मोबाईल उपडा करून लांब सरकवला. संध्याकाळपर्यंत त्या बोलत होत्या आणि तो ऐकत होता. त्यातलं कुठेही काही साठवलेलं नाही. मला बरंचसं आठवतं. अब्राहामला विचारा, त्याला शब्दन्‌शब्द पाठ आहे.